सोपानतात्या, मॅनेजर, लोणी कबड्डी संघ

कबड्डीची स्पर्धा कुठल्याही गावात असो, टेम्पोतून उतरल्यावर आमचे मॅनेजर सोपानतात्या पहिल्यांदा चुलीकडे जायचे. वेशीवर संयोजक हार घेऊन उभे असत, हलगीवाला हलगी तापवून वाट बघत असे, माइकवर कुणीतरी 'लोणीच्या संघाचं आगमन झालेलं आहे' असं घसा खरवडून सांगत असे. तात्यांना त्यातलं काही ऐकू येत नसे. धूर कुठून निघतोय तेवढं ते बघत, धोतराचा सोगा हातात धरत आणि त्या दिशेनं चालू लागत. मॅनेजरसाठी आणलेला हार मग माझ्या नाहीतर टेम्पोच्या ड्रायव्हरच्या गळ्यात पडे. आमच्या ड्रायव्हरचे इतके सत्कार झाले की काही गावांत तोच मॅनेजर आहे असा समज होता.

चुलीपाशी गेल्यावर तात्या आचाऱ्याला रामराम घालत, पळी मागून घेत आणि रस्स्याचे दोन थेंब तळहातावर टाकून चाटत. मग डोळे मिटून थोडा वेळ उभे राहत. आचारी बिचारा परीक्षेला बसल्यासारखा त्यांच्या तोंडाकडे बघत राही.

"पावणं," तात्या शेवटी म्हणत, "आमची पोरं खेळाया आल्यात, मराया न्हाई."

आमच्या भागात रस्सा तिखट असणं ही इभ्रतीची गोष्ट. पाहुण्याच्या नाकातून पाणी आलं नाही तर यजमानाला चुकल्यासारखं वाटतं. पण तात्यांनी आमच्यापुरतं वेगळं पातेलं, त्यात कमी चटणी आणि वर तुपाची धार हे सगळं गोड बोलून काढलंच म्हणून समजा. त्यामुळे घोडेगावापासून पार डोंगरातल्या वाड्यांपर्यंत आमच्या संघाला 'वरणभात' म्हणत. प्रतिस्पर्धी मैदानात मांडी ठोकायचे आणि म्हणायचे, या वरणभात. आम्हाला राग यायचा. तात्यांना नाही यायचा. ते त्या वेळी मैदानावर नसायचेच. भात चिकट होऊ नये म्हणून ते आचाऱ्याच्या मागे उभे असायचे.

मी त्या संघात उजव्या कोपऱ्यात खेळायचो. ही नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. पुढे मी घोडेगावला पंचायत समितीत कारकून म्हणून लागलो आणि गुडघ्यानं दगा दिल्यावर खेळणं सुटलं, पण संघ चालवणाऱ्या मंडळाचं सचिवपद माझ्या गळ्यात राहिलं. तात्यांना मी असा खेळाडू म्हणून आणि नंतर कारभारी म्हणून, दोन्ही बाजूंनी बघितलं.

तात्यांचा एक ठरलेला शब्द होता. "येवस्था हाये." काहीही सांगा, उत्तर हेच. पोरांना झोपायला जागा नाही. येवस्था हाये. कप्तानाला ताप आलाय. येवस्था हाये. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटे, या माणसानं सगळं आधीच करून ठेवलंय. खरं म्हणजे तोवर काहीही झालेलं नसे. हे दोन शब्द बोलून झाल्यावर तात्या व्यवस्था करायला निघत.

एकदा आमचा टेम्पो मंचरच्या अलीकडे भर रस्त्यात बसला. जुन्नरकडच्या एका गावात दुपारी आमचा सामना. आम्ही रडकुंडीला आलेलो. तात्या म्हणाले, येवस्था हाये, आणि हमरस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. पहिला जो ट्रक थांबला तो कांद्याचा होता. आम्ही गोण्यांवर बसून गेलो, वरून ऊन, खालून कांदा. मैदानात उतरलो तेव्हा समोरच्या संघानं पंचांकडे रीतसर तक्रार केली की लोणीच्या पोरांना मुद्दाम वास लावून आणलंय, पकड करताना श्वास घेता येत नाही. पंचांनी आमच्या एकाचा दंड हुंगून बघितला आणि नियमात असं काही नाही म्हणून सामना सुरू केला. आम्ही जिंकलो. तेव्हापासून पुढे प्रत्येक मोठ्या सामन्याआधी आमच्यातलं कुणीतरी म्हणे, तात्या, कांद्याचं बघा.

संघाचे कपडे जुन्नरचे युसूफभाई शिवत. ते तात्यांचे जिवलग आणि दोघांचं सतत भांडण. कारण तात्या खेळाडूंची मापं कधी घेऊन जात नसत, तोंडी वर्णन सांगत. हा आपल्या सरपंचाएवढा छातीत. हा तुमच्या थोरल्या मेव्हण्याएवढा, पण मान लांब. युसूफभाई डोक्याला हात लावत आणि तेवढ्यावर शिवत. बऱ्याचदा बसतही. पण एका वर्षी सरपंच मध्येच दुसऱ्यांदा निवडून आले आणि त्या आनंदात चांगलेच सुटले. युसूफभाईंनी नुकतंच त्यांना जुन्नरच्या बाजारात बघितलेलं. त्या वर्षी आमच्या कप्तानाचा सदरा असा आला की पकड करणाऱ्याच्या हातात नुसतं कापड लागायचं, कप्तान आतल्या आत निसटायचा. तात्यांनी तो सदरा बदलू दिला नाही.

तात्यांचा दुसरा उद्योग म्हणजे लग्नं जमवणं. आम्ही मैदानात घाम गाळत असू तेव्हा हे चुलीपाशी बसून गावातल्या घरांची माहिती काढत. परतीच्या टेम्पोत सामन्याबद्दल एक अक्षर नाही. कुणाची मुलगी दहावी झालीय, कुणाच्या घरात सासू मायाळू आहे, हेच सगळं. माझी बायको त्यांनीच शोधली. डोंगरातल्या गावची, आंबेगाव तालुक्यातलीच. मी विचारलं, तात्या, मुलगी कशी आहे. तर म्हणाले, मुलीकडं म्या बघितलं न्हाई, पन त्या घरात जेवताना कुनी कुनावर खेकसत न्हाई, तू डोळं झाकून हो म्हन. मी डोळे झाकून हो म्हणालो. अजून पस्तावलेलो नाही. बायकोचं काय ते तिलाच विचारावं लागेल.

तात्यांना स्वतःचं असं कुणी नव्हतं. बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नाही, भाऊ पिंपरीकडे कंपनीत. थोडीशी जमीन वाट्यानं दिलेली. पण आम्हाला ते कधी जाणवलं नाही. सरावानंतर आम्ही सगळे त्यांच्याच ओसरीवर पडलेले असायचो. कुणी अंघोळ करतोय, कुणी डबे उघडतोय, कुणी रुसून बसलाय, आणि तात्या मधे उभे राहून रुसलेल्याला आधी वाढतायत. असा माणूस एकटा आहे हे कुणाच्या ध्यानात येणार?

दोन हजार साल उलटलं आणि कबड्डी बदलायला लागली. मातीवरचा खेळ मॅटवर गेला. मॅटवर बूट घालून खेळायचं. तात्यांचा बुटांना सक्त विरोध. देवाच्या आन् खेळाच्या जागंत पायतान न्हाई, असं त्यांनी एका स्पर्धेत खुद्द पंचांना सुनावलं आणि आमच्या पोरांना अनवाणी उतरवलं. पोरांच्या तळव्यांची सालं निघाली. पुढच्या स्पर्धेत मंडळाला नावं नोंदवायची होती, ती शेवटच्या तारखेआधी पाठवायची हे तात्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांची रीत म्हणजे आदल्या दिवशी जाऊन संयोजकाच्या घरी चहा प्यायचा. त्या वर्षी चहा मिळाला, प्रवेश मिळाला नाही.

पोरं चिडली. त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्यातल्या दोघा-तिघांना जिल्ह्याच्या संघात जायचं होतं, त्यातून पोलिसात किंवा रेल्वेत नोकरी लागते हे त्यांनी बघितलेलं. आमच्याच गावचा प्रशांत नावाचा मुलगा शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन आला होता. गळ्यात शिट्टी, हातात मोबाइल, बोलायला नम्र. मंडळाची बैठक झाली आणि एकमतानं ठरलं की यापुढे मॅनेजर प्रशांत. पण हे तात्यांना सांगणार कोण?

आधी कप्तान संतोष गेला. दुपारी गेला, उन्हं उतरल्यावर ढेकर देत परत आला. म्हणाला, जेवण चालू असताना कसं बोलायचं, आणि जेवल्यावर मला झोप लागली. मग दोन जुने खेळाडू गेले. ते परत आले ते संतोषसाठी अवसरीचं एक स्थळ घेऊन. तिसऱ्या वेळी मला पाठवलं. मी ओसरीवर बसलो, पाऊसपाणी झालं, कांद्याचा भाव झाला, आणि शेवटी मी म्हणालो की तात्या, मंडळाला असं वाटतं, तुम्ही आता जरा विश्रांती घ्यावी. तात्या म्हणाले, येवस्था हाये, आणि आतून माझ्यासाठी उशी घेऊन आले.

शेवटी कुणीतरी तोडगा काढला. तात्यांचा जाहीर सत्कार करायचा, शाल-श्रीफळ द्यायचं आणि त्याच भाषणात नव्या मॅनेजरचं नाव जाहीर करायचं. सन्मानही होईल आणि सांगायची वेळही येणार नाही. सगळ्यांना पटलं. फक्त कार्यक्रम करायचा म्हणजे मांडव कुणाला सांगायचा, लाऊडस्पीकर कुठून आणायचा, पाहुणा कोण गाठायचा, जेवण कोण करणार, यातलं मंडळात कुणालाच काही माहीत नव्हतं. इतकी वर्षं ते सगळं एकच माणूस करत आला होता.

म्हणून मी पुन्हा तात्यांकडे गेलो. म्हणालो, तात्या, मंडळानं एक सत्कार ठेवलाय, तुम्हाला बघावं लागेल.

"कोनाचा?"

"एका जुन्या कार्यकर्त्याचा."

तात्या सुपातले दाणे निवडत होते. त्यांनी हात थांबवला नाही. मांडव शाळेपुढं घालावा का देवळापुढं, एवढं विचारलं. मी म्हणालो, देवळापुढं. मग म्हणाले, जेवायला मासवडी करू. आमच्याकडे मासवडी, म्हणजे बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली वडी, ही मानाच्या पाहुण्यालाच होते, कारण फार खटाटोपाची असते. मी मान हलवली. उठून निघालो, पायात चपला घातल्या, तेव्हा ते मागून बोलले.

"बाळू, त्या मानसाला भाषान कराया लावू नका. त्याला जमायचं न्हाई."

मी वळून बघितलं. ते दाणेच निवडत होते. मी बरं म्हणालो आणि घरी आलो.

सत्कार झकास झाला. होणारच, व्यवस्था तात्यांची होती. मांडव वेळेवर, स्पीकर खणखणीत, जुन्नरहून युसूफभाई शाल घेऊन आलेले. ती निवडताना दोघांचं नेहमीसारखं भांडणही झालेलं होतं. युसूफभाईंना हिरवट हवी होती आणि तात्यांनी त्यांना सांगितलं होतं म्हणे की मानूस सावळा हाये, मातकट घ्या. प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं, सत्कारमूर्तींचं नाव पुकारलं, आणि सत्कारमूर्ती कुठंच दिसेनात. माइकवरून तीनदा पुकारा झाला. शेवटी संतोष मांडवाच्या मागे पळत गेला आणि चुलीपासून त्यांना घेऊन आला. हात कोपरापर्यंत बेसनानं भरलेले. तसेच ते व्यासपीठावर चढले. पाहुण्यांनी शाल घातली तेव्हा शालीला बेसन लागू नये म्हणून दोन्ही हात वर धरून उभे राहिले, त्यामुळे फोटोत मॅनेजर शरण आल्यासारखे दिसतात.

मग अध्यक्षांनी प्रशांतचं नाव जाहीर केलं. टाळ्या जरा चाचरतच पडल्या. प्रशांत तात्यांच्या पाया पडला. तात्या त्याच्या कानाशी काहीतरी बोलले आणि भरभर उतरून गेले. नंतर मी प्रशांतला विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, काही नाही, पंगत बसतीय, आधी पावन्यांना घे.

त्या दिवशी मासवडी अशी झाली होती की अजून गावात तिचं नाव निघतं. तात्या स्वतः वाढत होते. जेवताना प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या ताटात जरा जास्तच आग्रह होतोय.

प्रशांत चांगला निघाला, हे सांगायला हवं. त्यानं पोरांना सकाळी पळवलं, बूट घ्यायला लावले, मोड आलेली कडधान्यं खायला घातली, नोंदण्या वेळेवर पाठवल्या. सराव शाळेच्या मैदानावर गेला आणि तिथेच पोरांची अंघोळीची सोयही झाली. वर्षाच्या आत संघ जिंकायला लागला. मी नोकरीच्या गडबडीत होतो. तात्या कधी रस्त्यात भेटले तर रामराम व्हायचा. पोरं कशी हायेत, ते विचारायचे. मी म्हणायचो, उत्तम. ते म्हणायचे, मंग झालं.

त्या हिवाळ्यात मंचरला मोठी स्पर्धा होती, मॅटवर, चारी बाजूंनी लाकडी गॅलऱ्या बांधलेल्या. रविवारी दुपारी लोणीचा सामना. मी घोडेगावहून एसटीनं गेलो. गॅलरीत जागा शोधत होतो, तर वरच्या फळीवर तात्या. इस्त्रीचं धोतर, डोक्यावर नवी टोपी, मांडीवर पिशवी. लग्नाला आल्यासारखे. मी जाऊन शेजारी बसलो. त्यांनी सरकून जागा दिली.

सामना सुरू झाला. आमच्या संतोषनं पहिल्याच चढाईत दोघांना स्पर्श करून परत उडी घेतली. गॅलरी उठली. तात्या बसून राहिले. मग समोरच्यांनी आमच्या एका पोराची मांडी धरून त्याला आपटला, सगळीकडे हळहळ, आणि तात्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या फळीवरचे आमच्याच गावचे दोघे वळून त्यांच्याकडे रागानं बघायला लागले. मलाही वाईट वाटलं. काढून टाकल्याचा राग माणूस असा काढतो, असं मनात आलं. मी हळूच म्हणालो, तात्या, आपला पोरगा बाद झाला.

"आसं व्हय?" ते म्हणाले. "मला वाटलं, पोचला."

त्यांनी पिशवी छातीशी धरली. नंतर प्रत्येक वेळी टाळी वाजवण्याआधी ते माझ्या हाताकडे बघायला लागले. मी वाजवली की वाजवायचे. तेवढ्यात आमच्या पोरांनी समोरचा शेवटचा गडी धरला, पंचानं हात वर केला आणि माइकवर पुकारा झाला, लोण. म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद, आपल्याला वरचे दोन गुण.

तात्या माझ्या कानाशी वाकले. "ह्ये आपल्याला का बोलवत्यात? लोणी लोणी करून?"

वीसेक वर्षं हा माणूस लोणीच्या कबड्डी संघाचा मॅनेजर होता.

"तात्या, तुम्हाला कबड्डी ठाऊक नाही?"

"कवा बघितली म्या?" ते अगदी साधेपणानं म्हणाले. "मी तकडं आसायचो. सामना सपायच्या टायमाला भात उतरायचा आसतो."

मग खाली मॅटवर नजर ठेवून त्यांनी सांगितलं. त्यांची बायको गेली त्या वर्षीची गोष्ट. तेव्हाची पोरं पहिल्यांदाच परगावी खेळायला निघाली होती आणि आईबाप म्हणत होते, बरोबर कुणीतरी वडीलधारं पाहिजे. ज्याला विचारावं त्याचं काहीतरी होतं. कुणाची धार काढायची होती, कुणाची बायको बाळंत होती. पोरं तात्यांच्या घराच्या भिंतीला टेकून बोलत होती.

"त्यातलं कोन तरी म्हनलं, सोपानतात्याला न्या. त्याला घरी कोन इचारनारं हाये? रातच्याला आला काय आन् न्हाई आला काय. म्या आत बसल्यालो, समदं ऐकलं. खोटं न्हवतं. मंग म्या बाहीर आलो आन् म्हनलं, कवा निघायचं?"

ते पुन्हा माझ्या हाताकडे बघत सामना बघायला लागले.

आम्ही जिंकलो. पोरांनी संतोषला खांद्यावर घेतलं, प्रशांतनं शिट्टी मारून सगळ्यांना एका बाजूला ओळीत बसवून पाय ताणायला लावले. दोन पोरांना वर तात्या दिसले, त्यांनी हात केला. तात्यांनीही केला. गॅलरी रिकामी व्हायला लागली. तात्या उठले, पिशवी काखेत मारली आणि पायऱ्या उतरू लागले, आमचा संघ आत गेला त्या तंबूच्या दिशेनं. दोन-तीन पायऱ्या उतरून थांबले. तिथे संयोजकांची माणसं पोरांना जेवणाची पाकिटं वाटत होती. तात्यांनी थोडा वेळ ते बघितलं, मग वळून परत वर आले आणि माझ्या शेजारी बसले.

"तुला घाई न्हाई ना?"

मी म्हणालो, नाही.

"मंग मला सांग बरं ह्यो खेळ. सुरवातीपासनं."

गॅलरीच्या फळीवर धूळ बसलेली होती. मी बोटानं चौकोन काढला, मधे रेघ ओढली, इकडे आपली माणसं, तिकडे त्यांची. चढाई कशी, दम कसा धरायचा, बोनसची रेघ कोणती. तात्या वाकून बघत होते, एकेक गोष्ट मान हलवून पक्की करत होते. खाली माणसं मॅट गुंडाळत होती.

"आन् बाद झाला तो?"

"तो बाहेर जाऊन बसतो."

"मंग त्याचं संपलं?"

"नाही तात्या. आत जे खेळतायत, त्यांनी समोरचा एक मारला की बाहेर बसलेल्यातला एक परत आत येतो. जो आधी बाहेर गेला तो आधी."

तात्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "आसं हाये व्हय," ते म्हणाले. मग त्या चौकोनाच्या बाहेर, रेघेला लागून, धुळीत आपलं बोट टेकवलं.

"ह्यो हितं बसनार. त्याला बोलवत्यात कसं?"